राज्यकर्त्यांवरचे जुने व्यंगछापे : तपासावेत, वाचावेत आणि जपावेत कसे

बडोद्यातले जुने वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहू लागल्या, की माळ्यावरची गाठोडी खाली येतात, आणि त्यांत सनदा, हिशेबाच्या वह्या, रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी यांच्याबरोबर अधूनमधून राज्यकर्त्यांची थट्टा करणारे छापेही निघतात. एखाद्या लांब नाकाच्या इंग्रज वकिलाचे रंगीत अर्कचित्र, एखाद्या लंडनच्या साप्ताहिकाचा बांधीव खंड, मुंबईच्या एखाद्या ‘पंच’ नावाच्या व्यंगपत्राची सुटी पाने, असे त्यांचे स्वरूप असते. दरबारात, न्यायखात्यात किंवा शाळाखात्यात नोकरी केलेल्या घरांत असे कागद असणे स्वाभाविक आहे. ते हाती आले की बहुतेक जण ‘हा माणूस कोण?’ आणि ‘याची किंमत किती?’ असे दोनच प्रश्न विचारतात. हे प्रश्न गैर नाहीत, परंतु त्यांची उत्तरे शेवटी मिळतात. आधी विचारायचे ते हे की चित्र कशावर छापले, कोणी छापले, कोणत्या आठवड्यात छापले आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठी छापले. या क्रमाने गेले तर चित्र आपोआप उलगडत जाते. क्रम उलटा केला तर घरात चालत आलेली एखादी आख्यायिका त्याला चिकटते आणि मग ती सुटत नाही.

तपासणीची तयारी

हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरावा, जवळ पाण्याचा पेला ठेवू नये, आणि नोंदीसाठी फक्त पेन्सिल वापरावी. छापा चौकटीत असेल आणि काचेला चिकटलेला दिसत असेल, तर तो ओढून काढू नये. खंडात बांधलेले पान कापून वेगळे करू नये, कारण त्या पानाच्या मागचा आणि शेजारचा मजकूर हाच पुष्कळदा चित्राची किल्ली असतो. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि आणखी एक छायाचित्र खिडकीचा उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे ठेवून घ्यावे. या तिरप्या उजेडात कागदावरचे दाब आणि उठाव दिसतात. साहित्य म्हणून दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि विजेरी एवढे पुरते.

भिंगाखाली : चित्र कसे छापले आहे

ही पायरी कंटाळवाणी समजून बहुतेक जण टाळतात, पण सर्वांत भक्कम पुरावा इथेच मिळतो. छपाईची रीत कळली की काळाची एक चौकट लगेच ठरते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि एकोणिसाव्याच्या आरंभीचे लंडनचे व्यंगछापे, म्हणजे जेम्स गिलरे, टॉमस रोलंडसन, जॉर्ज क्रुकशँक यांच्या परंपरेतले छापे, मुख्यतः तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा खाऊन, म्हणजे एचिंग पद्धतीने, तयार होत. या पद्धतीत शाई खाचेत असते आणि यंत्राच्या जबर दाबाखाली ओला कागद ती ओढून घेतो. त्यामुळे रेषा कागदाच्या पृष्ठभागावर किंचित उंच बसते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा आयताकृती दाब उमटतो. तो तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतो. अम्लाने खाल्लेल्या रेषेची टोके बोथट असतात, तर कोरणीने कोरलेली रेषा टोकाशी निमुळती होत जाते. रंग बहुधा नंतर हाताने, जलरंगात भरलेला असतो. तो रेषेबाहेर ओघळलेला किंवा कुठे सुटलेला दिसला तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

इंग्रजी साप्ताहिकांतली १८४० ते १८९० या काळातली चित्रे बहुतांशी बॉक्सवूडच्या आडव्या कापाच्या ठोकळ्यांवर कोरलेली असतात. लाकडाचे तुकडे लहान असल्याने मोठ्या चित्रासाठी ते एकत्र घट्ट बसवले जात, आणि त्यांच्या सांध्यावर पुष्कळदा एक बारीक पांढरी रेघ राहते. ती सापडली की ठोकळ्याविषयी शंका उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत छायाचित्राच्या साहाय्याने धातूचे ठसे बनू लागले आणि हाताने कोरणाऱ्याचे काम संपत गेले.

शिळाछापाची गोष्ट वेगळी आहे. आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या या पद्धतीत सपाट दगडावर मेणकट खडूने चित्र काढतात. पत्र्याचा दाब उमटत नाही आणि भिंगाखाली खडूचे अनियमित कण दिसतात. फ्रान्समध्ये ओनोरे दोमिये याने याच दगडावर राजाला आणि मंत्र्यांना धारेवर धरले, आणि १९१७ च्या सुमारास कलकत्त्यात गगनेंद्रनाथ टागोर यांनी आपले उपहासचित्रांचे संच शिळाछापातच काढले. बडोद्याच्या वाचकाला या पद्धतीची ओळख दुसऱ्या वाटेने आहे, कारण रविवर्म्याच्या तसबिरी रंगीत शिळाछापाच्याच आहेत, आणि चित्रे अशी छापून घरोघर पोहोचवावीत ही सूचना त्याला सर टी. माधवराव यांनी केली होती, जे १८७५ ते १८८२ या काळात बडोद्याचे दिवाण होते. घरात अस्सल जुनी तसबीर असेल तर तिचा एक कोपरा भिंगाखाली नीट पाहून ठेवावा. पुढे तुलनेला तो उपयोगी पडतो.

आता नकलांविषयी. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने १८६९ पासून १९१४ पर्यंत राजकारणी, न्यायाधीश, सेनापती यांची रंगीत अर्कचित्रे दर आठवड्याला दिली, आणि वकिलांच्या कचेऱ्यांत ती लावण्याची पद्धत पडली. त्यांच्या आधुनिक नकला बाजारात भरपूर आहेत. अस्सल प्रतीत प्रत्येक रंगाचे अनियमित ठिपके आणि सपाट पट्टे एकमेकांवर चढलेले दिसतात. आधुनिक ऑफसेट नकलेत निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके अगदी नियमित, लहान लहान फुलांच्या आकारात बसलेले दिसतात. ही फुले दिसली की तो छापा जुना नाही, कागद कितीही पिवळा असो. चहाच्या पाण्याने कागद पिवळा करता येतो. ठिपक्यांची रचना बदलता येत नाही.

गिलरेच्या बाबतीत आणखी एक तपासणी करावी लागते. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे मूळ पत्रे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने त्यांवरून पुन्हा छपाई केली. हे छापे त्याच पत्र्यांवरचे असले तरी गिलरेच्या हयातीतले नाहीत. जाड कागद, पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रे आणि वरच्या कोपऱ्यात क्रमांक ही त्यांची खूण आहे. कागद उजेडासमोर धरून जलचिन्हही पाहावे: १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात वर्ष घातलेले पुष्कळदा आढळते. जलचिन्हातले वर्ष चित्राखालच्या तारखेनंतरचे असेल, तर ती प्रत नंतरची आहे हे तिथेच सिद्ध होते.

कडेचा मजकूर

चित्राच्या खाली, पत्र्याच्या दाबाच्या आतच, अगदी बारीक अक्षरांत प्रकाशकाचे नाव, दुकानाचा पत्ता आणि तारीख असते. ही ओळ कायद्यामुळे आली. विल्यम होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीमुळे १७३५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने चित्रकोरकाच्या हक्कांचा कायदा केला, आणि हक्क मिळवायचा तर नाव आणि तारीख छाप्यावर असणे आवश्यक ठरले. आपल्या दृष्टीने ही ओळ म्हणजे ठेवाच आहे. चौकट करताना ती कापली गेली असेल, तर छाप्याचे मोल आणि साक्ष दोन्ही उणावतात. म्हणून चौकटवाल्याला कडा ‘सरळ’ करू देऊ नये.

सही पाहताना एक नव्हे, दोन नावे शोधावीत. नावापुढे ‘डेल’ असे संक्षिप्त लॅटिन अक्षर असेल तर तो चित्र काढणारा, आणि ‘स्कल्प’ किंवा नुसते ‘एससी’ असेल तर तो कोरणारा. लंडनच्या ‘पंच’ या व्यंगसाप्ताहिकाच्या मोठ्या चित्रांवर एका कोपऱ्यात चित्रकार जॉन टेनिएलची एकात एक गुंफलेली आद्याक्षरे आणि दुसरीकडे स्वेन हे कोरणाऱ्याचे नाव असते. आपल्याला जी रेषा दिसते ती टेनिएलची मूळ रेषा नसून स्वेनच्या कारागिरांनी लाकडात आणलेली रेषा आहे, हे ध्यानात ठेवूनच चित्रकाराच्या हाताविषयी बोलावे.

तारखेवरून घटनेकडे

तारीख मिळाली की आधीच्या दोन आठवड्यांच्या बातम्या पाहाव्यात. ‘पंच’च्या मुख्य चित्राचा विषय संपादक मंडळी बुधवारच्या जेवणाला एकत्र बसून ठरवीत, मग चित्र, मग कोरीव काम, मग छपाई. बिस्मार्कने मार्च १८९० च्या तिसऱ्या आठवड्यात पद सोडले, आणि जहाजावरून उतरणाऱ्या वाटाड्याच्या रूपातले त्याचे टेनिएलने काढलेले चित्र २९ मार्चच्या अंकात आले. साधारण दहा दिवसांचे हे अंतर मनात धरून शोध घेतला की घटना सापडते. १८३२ पर्यंतच्या इंग्रजी छाप्यांसाठी ब्रिटिश म्युझियमची सूची हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. सतरा हजारांहून अधिक छाप्यांना तिथे क्रमांक आणि स्पष्टीकरणे दिलेली आहेत आणि त्यांतला मोठा भाग संकेतस्थळावर चित्रांसह पाहता येतो. ‘पंच’चे खंडही संगणकावर उपलब्ध आहेत.

तारीख आख्यायिकेला कशी अडवते याचे एक उदाहरण बडोद्याशीच निगडित आहे. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर १८७५ मध्ये विषप्रयोगाच्या आरोपावरून चौकशी झाली, तेव्हा त्यांचा बचाव करण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइन या नामांकित वकिलाचे अर्कचित्र ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये आले होते. ते इथल्या एखाद्या घरात मिळाले तर मल्हाररावांच्या खटल्यावरचे चित्र म्हणून दाखवले जाण्याचा फार संभव आहे. परंतु ते मार्च १८७० चे आहे, म्हणजे बडोद्याच्या प्रकरणापूर्वी पाच वर्षांचे. त्याखालची ओळ राजघराण्यातल्या राजपुत्राची उलटतपासणी घेण्याचा मोह त्याने आवरला असे सांगते, आणि तिचा संबंध त्याच वर्षी लंडनमध्ये गाजलेल्या मॉरडंट घटस्फोटाच्या खटल्याशी आहे, ज्यात प्रिन्स ऑफ वेल्सला साक्ष द्यावी लागली होती. अशा वेळी घरातली आठवण खोडून टाकू नये. ‘हे चित्र घरात बडोद्याच्या खटल्याच्या आठवणीसाठी ठेवले गेले’ आणि ‘हे चित्र त्या खटल्यावर काढले गेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली खरी असू शकते. दोन्ही नोंदवाव्यात.

चेहरा आणि खुणा

व्यंगचित्रकार राज्यकर्त्याला दोन-तीन ठरीव खुणांवर आणून ठेवतो आणि त्या पुन्हा पुन्हा वापरून वाचकाच्या डोळ्याला सवय लावतो. गिलरेच्या २६ फेब्रुवारी १८०५ च्या प्रसिद्ध छाप्यात पृथ्वीच्या आकाराचे पुडिंग कापायला बसलेले दोघे पाहावेत: उंच, काटकुळा, टोकदार नाकाचा तो पंतप्रधान पिट, आणि मोठ्या टोपीखाली बुटका तो नेपोलियन. पिट महासागर कापून घेतो आहे आणि नेपोलियन युरोप. फ्रान्समध्ये राजा लुई फिलिप याचे तोंड व्यंगपत्रांचा प्रकाशक शार्ल फिलिपों आणि त्याच्या चित्रकारांनी नासपतीच्या फळात बदलले, आणि पुढे नुसते फळ काढले तरी पॅरिसमध्ये राजा ओळखला जाई. म्हणून चेहरा ओळखू आला नाही तर टोपी, चष्मा, छडी, हातातला कागद आणि त्यावरचा मजकूर यांची यादी करावी, आणि त्याच नियतकालिकाच्या त्याच वर्षाच्या दुसऱ्या चित्रांत ती खूण कोणाच्या अंगावर दिसते ते शोधावे. एकाच चित्रावरून नाव ठरवू नये.

चित्र कोणासाठी काढले

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि बडोद्यातल्या माणसाला ती इतरांपेक्षा अधिक नेमकेपणाने करता येईल, कारण इंग्रजी चित्रकाराने जे वैभव थट्टेसाठी वापरले ते आपल्या शहराने प्रत्यक्ष पाहिले आहे.

जेम्स सेयर्सचा डिसेंबर १७८३ चा छापा घ्यावा. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटने नेमलेल्या मंडळाकडे द्यावा असे विधेयक चार्ल्स जेम्स फॉक्सने आणले होते. सेयर्सने त्याला पौर्वात्य पोशाख घालून हत्तीवर बसवले, हत्तीला त्याचा सत्तेतला साथीदार लॉर्ड नॉर्थ याचा चेहरा दिला, पुढे एडमंड बर्कला तुतारी फुंकत चालवले आणि ही स्वारी लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर, कंपनीच्या कचेरीच्या दारी आणली. दसऱ्याची स्वारी ज्या शहराने पाहिली त्याला हत्ती, अंबारी, वाजंत्री यांत मान आणि मंगलता दिसते. लंडनच्या गिऱ्हाइकाला त्याच गोष्टींत बेलगाम, अनियंत्रित सत्ता दिसावी ही सेयर्सची योजना होती. याचा अर्थ, छाप्यातला हत्ती हिंदुस्थानविषयी फारसे काही सांगत नाही. एक इंग्रज राजकारणी प्रमाणाबाहेर सत्ता घेतो आहे एवढे सांगण्यासाठी तो वापरला आहे. त्याच महिन्यात उमरावांच्या सभागृहात ते विधेयक पडले.

हीच कसोटी मल्हाररावांच्या प्रकरणाला लावावी. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याला सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाल्याच्या आरोपावरून १८७५ च्या फेब्रुवारीत चौकशी मंडळ बसले. त्यात सर रिचर्ड काउच यांच्यासह तीन इंग्रज आणि ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव असे तीन हिंदी सभासद होते. तिघा इंग्रजांनी दोषी धरले, तिघा हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध मानला नाही, आणि सरकारने अखेर गैरकारभाराचे कारण देऊन एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्या महिन्यांतले कोणतेही चित्र हाती आले तर तीन प्रश्न लिहून काढावेत. रेसिडेंट चित्रात आहे का, आणि असल्यास त्याचे व्यंग केले आहे की त्याला सरळ काढले आहे? महाराजांच्या अंगावरचे दागिने मोजून वाढवले आहेत का? मंडळातले हिंदी सभासद दिसतात का, की ते गाळले आहेत? लंडनच्या आणि हिंदुस्थानातल्या चित्रांसाठी ही उत्तरे शेजारी शेजारी मांडली, की चित्र कोणाच्या डोळ्यांनी पाहिले गेले ते उघड होते.

दुसरा सराव १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराचा करावा. सयाजीराव महाराजांनी बादशहासमोर विहित रीतीने मुजरा केला नाही, दागिने उतरवले होते, पाठ फिरवली, असा गहजब इंग्रजी पत्रांनी केला, आणि महाराजांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. या प्रसंगाचे चलचित्रही घेतले गेले होते, त्यामुळे चित्रकाराने काय वाढवले आणि काय बदलले हे ताडून पाहण्याची दुर्मीळ सोय इथे आहे. लंडनच्या पानाबरोबर मुंबईच्या ‘हिंदी पंच’सारख्या पत्राचे त्या आठवड्यांतले अंक शोधावेत. १८५४ मध्ये निघालेल्या ‘पारसी पंच’चेच हे पुढचे रूप. त्यातल्या चित्रांखाली गुजराती आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असत. ते दोन्ही वाचावेत आणि एकातली धार दुसऱ्यात बोथट केली आहे का ते पाहावे. बडोद्यातल्या मराठी माणसाला गुजराती येते, हा त्याचा मोठा लाभ आहे.

जे छापले गेले नाही

काही वर्षांत राज्यकर्ते चित्रांतून अचानक नाहीसे होतात. त्याला बहुधा चित्रकाराची मर्जी नव्हे, कायदा कारण असतो. दोमियेने लुई फिलिपला प्रजेचे पैसे गिळणारा राक्षस म्हणून काढले आणि १८३२ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८३५ मध्ये फ्रान्सने व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीची अट घातली, तेव्हा राजा चित्रांतून गेला आणि त्याच्या जागी वकील, घरमालक, दुकानदार आले. आपल्याकडे १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आणि १९१० चा प्रेस ॲक्ट ही दोन वर्षे पाठ असावीत. संस्थानी कारभारावर लिहिणे किती जोखमीचे होते हे १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांवरून कळते. म्हणून एखाद्या संस्थानात छापलेल्या पानात दरबारावर टीका नाही, यावरून लोक समाधानी होते असा निष्कर्ष काढू नये. टीका शोधायची तर दुसऱ्या हद्दीतल्या छापखान्याकडे पाहावे.

जपणूक

बडोद्याचा उन्हाळा कागद कोरडा व ठिसूळ करतो आणि पावसाळा त्यावर बुरशी आणतो. हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर टिकली की तपकिरी डाग वाढू लागतात, म्हणून छापे बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर किंवा जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नयेत. हाताने भरलेले जलरंग उन्हाने कायमचे उडतात. थेट ऊन पडेल अशा जागी ते लावूच नयेत. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल आणि प्लायवूडची पाठ या चार गोष्टींनी वाळवीपेक्षा अधिक छापे नष्ट होतात असे मला वाटते. चौकट करायचीच असेल तर आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून घ्यावी, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. छापा गव्हाच्या खळीने आणि पातळ जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांनी फक्त वरून टांगावा. सुटी पाने आम्लरहित कागदात सपाट ठेवावीत आणि पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी कसर लागली आहे का ते पाहावे. डाग धुण्याचा किंवा फाटलेले जोडण्याचा प्रयत्न घरी करू नये.

नोंद आणि पुढची वाट

प्रत्येक छाप्यासाठी एक स्वतंत्र पत्रक करावे: मापे, छपाईची रीत, कडेचा सर्व मजकूर जसाच्या तसा, जलचिन्ह, सूचीतला क्रमांक, ओळख पटलेल्या व्यक्ती व त्यांची खूण, घरात तो कोणाकडून आला आणि त्याविषयी काय सांगितले जाते. नक्की कळलेले आणि अंदाजाचे वेगळ्या रकान्यांत लिहावे. पत्रक छाप्याला चिकटवू नये. त्यावरचा क्रमांक छाप्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहावा. संदर्भासाठी मध्यवर्ती ग्रंथालय आणि हंसा मेहता ग्रंथालय, आणि छपाईच्या रीतीविषयी शंका राहिली तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागातली छापचित्रण शाखा, अशी माणसे आणि साधने याच शहरात आहेत. विचारायला जाताना मूळ छापा न नेता आधी छायाचित्रे आणि पत्रक न्यावे.

विक्रीचा विचार असेल तर एक गोष्ट आधी तपासावी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि परवानगीवाचून त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला टपालाने पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारणा करावी. खंड सुटा करून पानापानाने विकण्याचा सल्ला देणारे व्यापारी भेटतील, कारण सुट्या पानांचा भाव एकत्रित खंडापेक्षा जास्त येतो. परंतु ज्या खंडात एका वर्षाचे सर्व अंक ओळीने आहेत तो अखंड ठेवून ग्रंथालयाला देण्याची तयारी असेल, तर देणगीपत्रात पत्रकांची प्रतही जोडावी आणि पोच लेखी घ्यावी.